गॅसचा वास आला तर गळती शोधत बसू नका

मुलुंडहून एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या सोसायटीत मागच्या वर्षी पाइप गॅस आला. हल्ली सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडलं की सडक्या कोबीसारखा वास येतो आणि खिडकी उघडली की थोड्या वेळात जातो. यजमान म्हणतात, नहाणीचा असेल. सासूबाईंना वास येतच नाही. ओट्याखाली दिवाळीत नव्या ट्रॉल्या बसवल्यात. गळती ओळखायची कशी, ती नेमकी कुठे आहे ते घरच्या घरी शोधायचं कसं आणि खरंच मोठी गळती झाली तर करायचं काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, उत्तर लांबणार आहे, म्हणून तुमच्यापुरतं आधी सांगतो. मीटरजवळचा कॉक बंद करा, गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरवर आजच फोन करा आणि माणूस येऊन तपासून जाईपर्यंत शेगडी पेटवू नका. एक दिवस पोळी-भाजी बाहेरून आणा. रात्रभर दार-खिडकी बंद राहिल्यावर जाणवणारा आणि हवा खेळली की जाणारा वास म्हणजे बारीक पण सतत चाललेली गळती, असं मी तरी धरून चालेन. तपासणीत नहाणीच निघाली तर उत्तमच. खोटी निघाली म्हणून तक्रार करणाऱ्यावर कोणी डाफरत नाही, रिकाम्या फेऱ्या या कामात धरलेल्याच असतात. कॉक बंद करूनही वास तसाच राहिला तर मात्र गोष्ट वेगळी. मग गॅस कॉकच्या अलीकडून, शेजारून नाहीतर खालून येतोय, आणि त्यावर तुमच्या हातात काही नाही. घराबाहेर पडा.

आता वासाबद्दल. आपल्याकडे पाइपातून येतो तो नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याला स्वतःचा वास नाही, रंग नाही. तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. गंधकाची संयुगं, मर्कॅप्टनसारखी, अगदी चिमूटभर घातली तरी नाक वाकडं होतं. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावात 18 मार्च 1937 रोजी शाळेच्या जमिनीखालच्या पोकळीत बिनवासाचा गॅस साठून स्फोट झाला आणि जवळपास 300 जीव गेले, बहुतेक मुलंच. गॅसला वास घालण्याची सक्ती त्यानंतर आली. मिथेन पेट घेतो तो हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्के असताना. वासाचं माप असं ठेवलेलं असतं की त्या 5 टक्क्यांच्या पाचव्या हिश्श्यालाच, म्हणजे 1 टक्क्याच्या आसपास, साध्या नाकाला कळावं. म्हणून वास आला म्हणजे स्फोट होणारच असं नाही. तुम्हाला वेळ मिळालाय, एवढाच त्याचा अर्थ. तो वेळ ओट्याखाली डोकं घालून जॉइंट हुंगण्यात घालवायचा की बाहेर पडण्यात, हाच काय तो प्रश्न.

नाकावर भरवसा ठेवा, पण त्याच्या दोन खोड्या माहीत असू द्या. एक, ते पटकन सरावतं. वासात दहा मिनिटं बसलात की वास गेलासा वाटतो, आणि गॅस तिथेच असतो. म्हणून "मघाशी येत होता, आता नाही येत" हे घरात बसलेल्या माणसाने सांगितलं तर मी मानत नाही, बाहेरून आलेल्याला विचारतो. दोन, वय झालं, सर्दी झाली, कोविडनंतर वास पूर्ण परतला नाही, अशी माणसं जवळजवळ प्रत्येक घरात आहेत. तुमच्या सासूबाई दुपारी एकट्या असतात का, हे मला आधी विचारावंसं वाटतं.

मुंबईत वासाचा घोटाळा व्हायला जागाही भरपूर. ओहोटीला नाले उघडे पडतात, गावठाणात सुकट वाळत असते, मेलेला उंदीर डक्टमध्ये कुजतो. 2019 च्या सप्टेंबरात एका संध्याकाळी चेंबूर, घाटकोपर, पवई, अंधेरीपर्यंत लोकांना गॅसचा वास आला, फायर ब्रिगेडचे फोन खणखणले, महानगर गॅसची माणसं रात्री रस्त्यावर उतरली आणि त्यांच्या जाळ्यात गळती सापडली नाही. 2020 च्या जूनमध्ये पूर्व उपनगरांत पुन्हा तसंच. तेव्हापासून काही जण वास आला की "तो चेंबूरचा असेल" म्हणून खिडकी लावून घेतात. उलटं आहे, खिडकी उघडा. नहाणीचा संशय असेल तर ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखाली पाणी साठून गटाराचा वास अडवणाऱ्या भागात, बादलीभर पाणी ओता. सुकलेला ट्रॅप असेल तर वास तेवढ्याने थांबतो. न थांबला तर फोन. सिलिंडरवाल्या घरात आणखी एक: सिलिंडर संपत आला की वास वाढतो, कारण वासाचं रसायन गॅसपेक्षा सावकाश उडतं आणि तळाच्या गॅसमध्ये जास्त उरतं. तरी "संपत आला असेल" म्हणून दुर्लक्ष करू नका.

मिथेन हवेपेक्षा हलका आहे, जवळजवळ निम्म्या वजनाचा. तो वर जातो आणि वर अडकतो. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा दीड-दोन पट जड, तो जमिनीवर पसरतो, मोरीत उतरतो, दाराखालून शेजारी जातो. म्हणून पाइप गॅससाठी वरची झडप, वेंटिलेटर, वरची फळी उघडणं महत्त्वाचं आणि सिलिंडरसाठी दार. गिरगाव-लालबागच्या चाळीत पोटमाळा असतो, नव्या टॉवरमध्ये फॉल्स सीलिंग, आणि मिथेनला दोन्ही सारखीच आवडतात. खाली उभं राहिल्यावर वास मंद वाटतो, वर मात्र थर जमलेला असतो.

एक हिशोब करून बघा. आठ बाय दहा फुटांचं, नऊ फूट उंचीचं स्वयंपाकघर म्हणजे साधारण 20 घनमीटर हवा. त्याचे 5 टक्के म्हणजे 1 घनमीटर गॅस. मोठा बर्नर न पेटवता पूर्ण उघडा राहिला तर तासाला साधारण पाव घनमीटर गॅस सुटतो. म्हणजे सगळी खोली पेटण्याजोगी व्हायला चारेक तास. पण गॅस सारखा मिसळत नाही, वरच्या दीड-दोन फुटांतच साठतो, आणि तेवढ्या थराला तासभरही पुरे. नळी पूर्ण निसटली तर काही मिनिटं. घरात गॅसचा दाब फक्त 21 मिलिबार असतो, म्हणून बारीक गळतीचा आवाज येत नाही. आवाज नाही म्हणजे गळती नाही, असं धरू नका.

आता खरी वेळ आली तर. समजा, रात्री अकरा वाजता तुम्ही लग्नाहून परत आलात, दार उघडलं आणि वासाचा भपकारा आला. सवयीने हात जातो तो दाराशेजारच्या बटणाकडे. तो हात थांबवणं हीच निम्मी लढाई. दिवा लावू नका आणि लागलेला असेल तर विझवूही नका, बटण दोन्ही वेळा ठिणगी देतं. पंखा, एक्झॉस्ट, चिमणी, एसी, मिक्सर, सगळ्याला तोच नियम. चालू आहे ते चालू राहू दे, बंद आहे ते बंद. एक्झॉस्ट लावून गॅस बाहेर काढावा असं डोक्यात येतं, पण ती मोटर नेमकी गॅसच्या वाटेत बसवलेली असते. देव्हाऱ्यात निरांजन किंवा नवरात्रातला अखंड दिवा तेवत असेल आणि तो वाटेवर असेल तर विझवा, मनाला लावून घेऊ नका. डासांची रॅकेट, लायटर, सिगारेट यांबद्दल सांगायला नको.

मीटरचा कॉक वाटेवर असेल आणि तिथवर बिनधोक जाता येत असेल तर बंद करा. पाव वळसा द्यायचा असतो. दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, आडवी झाली की बंद. जाता जाता हाताशी असलेल्या खिडक्या उघडा, सगळ्या घरभर फिरू नका. वास खूप असेल तर तेही सोडा, दार उघडं टाकून बाहेर या. फ्रिजची मोटर स्वतःहून सुरू-बंद होते, इन्व्हर्टरचा रिले स्वतःहून खटकतो, त्यांना तुम्ही थांबवू शकत नाही. आत घालवलेला प्रत्येक मिनिट त्यांच्या मर्जीवर असतो. पर्स, दागिने, कपाटाची किल्ली राहू द्या.

बाहेर आल्यावर शेजाऱ्यांची बेल वाजवायची नाही, दार ठोठवायचं. लिफ्ट नको, जिना. वरच्या मजल्यावरच्यांना आधी उठवा, कारण गॅस वर जातो. फोन इमारतीबाहेर, मोकळ्यावर आल्यावर करा. मोबाइलने स्फोट होतो का, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. ती शक्यता कमीच. पण फोन करायला आत थांबणं, चार नातेवाइकांना कळवणं, व्हिडिओ काढणं, यात जी मिनिटं जातात ती खरी धोक्याची. गॅस कंपनीचा इमर्जन्सी नंबर बिलावर छापलेला असतो. तो आज घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आणि वॉचमनच्या वहीत टाकून ठेवा, बिल स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये असून उपयोग नाही. फायर ब्रिगेड 101, किंवा 112. सिलिंडर असेल तर एलपीजीचा देशभरचा इमर्जन्सी नंबर 1906. विंग, मजला, जवळची खूण आणि गेट कुठल्या रस्त्यावर उघडतं ते सांगा. मुंबईत गाडी पोचते, पण दोन गेटांमध्ये अडकते. एकाला गेटवर उभं करा.

इमारतीची वीज तोडायची का? घरातला मेन स्विच नाही. तळमजल्यावरची मीटर रूम गॅसपासून लांब असेल आणि तिथे वास अजिबात नसेल तर फायर ब्रिगेडवाले किंवा सोसायटीचा इलेक्ट्रिशियन ते बघतील. तुम्ही आपणहून करायचं काम नव्हे.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते आणि तिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. खालचा मुख्य व्हॉल्व्ह, ज्यातून सगळ्या विंगला गॅस जातो, तो कोणी घाबरून बंद केला तर ठीकच. पण गडबड निवली, वास गेला की सेक्रेटरी किंवा वॉचमन तो परत उघडतो. मधल्या वेळात काय झालं? पाचव्या मजल्यावर कुकर लावलेला होता, सातव्यावर दूध तापत होतं. गॅस थांबल्यावर त्या ज्योती विझल्या, नॉब मात्र उघडेच राहिले, आणि माणसं खाली कंपाउंडमध्ये होती. व्हॉल्व्ह उघडताच त्या सगळ्या शेगड्यांतून न पेटलेला गॅस वाहू लागतो, रिकाम्या घरांत. एका गळतीच्या पाच गळत्या होतात. म्हणून नियम कडक ठेवा: बंद कोणीही करावा, उघडायचा तो गॅस कंपनीच्या माणसानेच, आणि तोही घरोघर शेगड्या बंद आहेत हे बघून. सोसायटीच्या बोर्डावर ही एक ओळ लावली तरी पुष्कळ.

गळती पेटली असेल, म्हणजे नळीच्या टोकाला ज्योत असेल, तर ती विझवण्याची घाई करू नका. जळणारा गॅस साठत नाही. ज्योत विझली आणि गॅस चालू राहिला तर थोड्या वेळाने तो दुसऱ्या कुठल्या ठिणगीवर खोलीभर पेटेल. आधी कॉक, ज्योत आपोआप जाईल. कॉकपर्यंत जाता येत नसेल तर सगळ्यांना बाहेर काढा, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या आणि 101.

सिलिंडरचं थोडक्यात. रेग्युलेटर बंद करा, काढता आला तर काढून दोरीची सेफ्टी कॅप दाबून बसवा, शक्य असेल तर सिलिंडर उभाच मोकळ्यावर न्या. पाइप गॅस आल्यावर जुना सिलिंडर "असू दे अडीअडचणीला" म्हणून ओट्याखाली ठेवणाऱ्या घरांत दोन्ही धोके एकाच वेळी असतात, एक वर आणि एक खाली.

रस्त्याची गळती हा मुंबईचा खास विषय. रस्त्याखालून जाणाऱ्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या पाइपात दाब साधारण 4 बारपर्यंत, म्हणजे घरातल्याच्या जवळजवळ दोनशे पट. केबलसाठी, गटारासाठी, मेट्रोसाठी रस्ता उकरतात, जेसीबीचा दात पाइपाला लागतो आणि शिट्टी मारल्यासारखा आवाज होतो, माती उडते. पाइपावर पिवळी पट्टी पुरलेली असते, पण घाईत ती आधीच फाटलेली असते. अशा वेळी इंजिन बंद करून ड्रायव्हरने उतरायचं, माणसं वारा जिकडून येतोय त्या बाजूला लांब करायची, दुकानांच्या शेगड्या विझवायच्या आणि फोन. पाइप हाताने दाबून धरणं, गोणपाट गुंडाळणं, वरून माती टाकणं, हे सगळं मी पाहिलेलं आहे. माती टाकण्याइतकं वाईट काही नाही. झाकलेला गॅस आडवा पसरतो, केबलच्या डक्टमधून, ड्रेनेजच्या चेंबरमधून, आणि पन्नास पावलांवरच्या तळमजल्यावरच्या दुकानात निघतो. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटही हेच करतात. शिवाय मातीतून येताना वासाचा काही भाग मातीच शोषते, म्हणून जमिनीखालचा गॅस कधीकधी मंद वासाने येतो. पावसाळ्यात फुटपाथच्या डबक्यात पाऊस थांबल्यावरही एकाच जागी सतत बुडबुडे येत असतील तर ते सांगा. कळवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

तुमच्या ट्रॉल्यांकडे येतो. मुंबईत घरातल्या गळत्या पाइपापेक्षा सुताराच्या वाट्याला जास्त जातात, असं माझं मत झालंय. ट्रॉली बसावी म्हणून कॉक मागे ढकलला जातो, तांब्याचा पाइप वाकवला जातो, रबरी नळी बॉक्सच्या कडेवर घासते, आणि वर सनमायका लावून सगळं झाकलं जातं. गळती झालीच तर गॅस त्या बंद कपाटात साठतो आणि कॉक बंद करायला आधी डबे काढावे लागतात. ड्राय बाल्कनी बंद करून तिथे शेगडी नेतात, कबुतरांसाठी जाळी आणि ॲक्रिलिक लावून वरची झडप बुजवतात. यांतलं काही केलं असेल तर येणाऱ्या तंत्रज्ञाला आपणहून सांगा आणि ट्रॉल्या आधीच मोकळ्या करून ठेवा. मागची फळी कापावी लागली तर कापू द्या. कॉक हाताला लागलाच पाहिजे, हे सुताराला ठणकावून सांगायला हवं. शेगडी सरकवायची असेल तर पाइपाचं काम प्लंबरकडून करून घेऊ नका. एसीवाले आउटडोअर युनिटपाशी जाताना बाहेरच्या पाइपावर पाय देतात, रंगारी दोर बांधतात, काही जण कपडे वाळत घालतात. तो पाइप भिंतीत शिरतो तिथे आणि क्लॅम्पच्या खाली पावसाळ्यानंतर गंज बघा. तिथेच तो आधी धरतो.

"शोधायचं कसं" याचं उत्तर मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं. वास येत असताना शोधायचं नाही. पूर्ण हवा खेळलेली आहे, वास अजिबात नाही आणि शंकेचं निरसन करायचंय, अशा वेळी दोनच गोष्टी करा. सगळे बर्नर बंद ठेवून, कॉक चालू ठेवून मीटरचे आकडे लिहा, दशांशानंतरचे लाल आकडेसुद्धा. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. शेवटचा आकडा म्हणजे 1 लिटर. तो सरकला तर मीटरनंतर कुठेतरी गॅस जातोय, कॉक बंद करून फोन करा. दुसरी गोष्ट साबणाच्या फेसाची: भांड्यांच्या साबणाचं दाट पाणी ब्रशने नळीच्या दोन्ही टोकांना लावा, बुडबुडा फुगत राहिला तर गळती तिथे. क्लिप आवळण्याचा प्रयत्न करू नका, कॉक बंद करा. काडी पेटवून बघणारे अजून आहेत, हे लिहितानाही अंगावर काटा येतो. शेगडीची ज्योत निळीच हवी. पिवळी पडत असेल, भांड्याला काजळी धरत असेल तर गॅस नीट जळत नाही, शेगडी साफ करून घ्या. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तो आजच बाहेर हलवा. तिथला कार्बन मोनॉक्साइड बिनवासाचा असतो आणि नाक त्यात काहीच कामाचं नाही.

सासूबाईंसाठी गॅस डिटेक्टर घ्या. घेताना तो कशासाठी आहे ते वाचा. पाइप गॅसचा छतापासून फूटभर खाली बसतो, सिलिंडरचा जमिनीपासून फूटभर वर. दुकानदार बऱ्याचदा एकच मॉडेल दोन्हीकडे चालतं म्हणून देतो आणि इलेक्ट्रिशियन तो सॉकेटजवळ, म्हणजे दोन्ही गॅसना चुकवून, मधोमध लावतो. सेन्सर साधारण पाच वर्षांत थकतो, तारीख त्याच्यावरच लिहा. आणि त्यांना कॉकची दांडी एकदा हाताने फिरवायला लावा. सांगून होत नाही. संधिवाताने बोटं वळत नसतील तर दांडी घट्ट आहे हे त्या दिवशी कळेल, गळतीच्या दिवशी नको. तंत्रज्ञ आला की तीही मोकळी करून मागा, आणि रबरी नळीवर छापलेली तारीख त्याच्यासमोर वाचा. पाच वर्षांच्या वर गेली असेल किंवा उंदराचे दात दिसले तर बदलूनच घ्या.